जिभेचा कौल

गावाबाहेरच्या कातळी सड्यावर घातलेल्या मांडवाबाहेर सकाळपासून रांग होती. गाल धरून आत गेलेली माणसे हसत बाहेर पडत होती. या गावात कौल लावताना देवाच्या पाषाणाला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली की देवाचा होकार मानतात. मांडवात बसणाऱ्या गुरुदासबाबाने त्या पाकळीलाही रजा दिली होती. चिमूटभर पिवळी पूड भक्ताच्या जिभेवर ठेवून तो डोळे मिटून म्हणे, "झिणझिण्यो नाय ह्यो. देव चलता तुझ्या जिभेर. ह्योच कौल. आता डाक्तर कित्याक?"

नवल असे, की हा देव कुणालाच नकार देत नसे.

विज्ञान शिकवणाऱ्या किशोरीची सासू काशीबाई तीन महिने ती पूड नेमाने चघळत होती. मिश्रीने गालात पडलेला व्रण भरत नव्हता, पण दवाखान्याचे नाव काढले की ती म्हणे, "दुखणां गेलां गो."

एका दुपारी तिने चुलीवरून उतरलेली पेज तशीच तोंडाला लावली. ओठावर टरारून फोड आला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. किशोरीने पेजेचे भांडे तिच्या हातून काढून घेतले. जिथे चटका पोचत नाही, तिथे देव कसा पोचला असेल?

तिने पुडी उलटली. कुटायचे राहून गेलेले एक फूल हाती आले, शंकूसारखे, पाकळ्यांवाचून. असली पिवळी बोंडे भाताच्या ओल्या बांधावर माजतात आणि पायाखाली जातात. अक्कलकाढा. तिने बांधावरचे एक तोडून चावले. लाळ सुटली, जीभ झिणझिणली, मग ओठ बधिर होऊन परके झाले.

दुसऱ्या दिवशी तिने काशीबाईला हट्टाने दवाखान्यात नेले.

पुढच्या रविवारी ती ओंजळभर फुले घेऊन मांडवात उभी राहिली. "ही आमच्या बांधावरची. मंत्र नाही, कौल नाही. चावून बघा."

देव कोपेल, असे बाबा बजावत राहिला. लोकांनी फुले चावली. एकेक जण आपले ओठ चाचपू लागला. शेजारची अनुजा बोबड्या जिभेने म्हणाली, "बाबानू, तुमचो देव आमच्या बांधार रवता तर?"

लोक हसले. किशोरी हसली नाही. तपासणीचा कागद तिच्या पिशवीत होता. कर्करोग. तीन महिन्यांपूर्वी आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले होते.

"दुखणारी जागा काही सांगत असते," ती म्हणाली. "ती गप्प झाली म्हणजे बरी झाली, असं समजू नका. तोंडातला व्रण पंधरा दिवसांत भरला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. देवाला नंतर सांगा."

घरी काशीबाई गाल धरून उंबऱ्यात बसली होती.

"पुडी हाडलंस गो?" तिने किशोरीच्या पिशवीकडे हात पुढे करत विचारले.