डेकवर ठेवलेल्या सासूबाई

"आत वाढवलेलं रोप एकदम बाहेर नेऊ नकोस," असं सुलभाकाकूंनी अबोलीला फेब्रुवारीतच बजावलं होतं, आणि अबोलीने "हो काकू" म्हणून ते कानाआड केलं होतं. काकू गल्लीतल्याच, निवृत्त भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवायचं आणि ती परत उठतात की नाही याकडे डोळे लावून बसायचं, यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. त्यांना वाऱ्याच्या झुळकेतही धोका दिसणारच.

तशी अबोली स्वतः काही कमी काळजीखोर नव्हती. लेक आन्या जन्मल्यापासून ती झोपेतही तिच्या श्वासाकडे कान लावून असायची. बेसमेंटमधल्या हवेची, नळाच्या पाण्यातल्या शिशाची, गोल कापलेल्या, घशात अडकू शकणाऱ्या द्राक्षाची, सगळी काळजी तिच्याकडे जमा होती. नेमकी एवढीच एक तिने घेतली नाही.

बर्फाच्या मुलखातल्या ईडन प्रेरीत मे अर्धा सरेपर्यंत जमिनीत काही लावायची सोय नसते. मिरची-टोमॅटोचं बी घरातच उगवून घ्यावं लागतं. पाकिटावर लिहिलं होतं, ट्रेच्या एका खणात दोन बिया टाका. अबोलीचा दोनवर विश्वास बसेना. तिने मटकीचा मार्ग धरला. अख्खी पाकिटं भिजवली, फडक्यांत बांधली आणि नुसता दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवून दिली. काही दिवसांनी पुरचुंड्या सोडल्या तर झाडून सगळ्या बियांना मोड आलेले, एकमेकांत गुंतलेले. काकू म्हणाल्या, चांगली चार ठेव आणि बाकीची खुडून टाक. हे ऐकून अबोलीने आन्याला छातीशी घट्ट धरलं. एकही रोप खुडलं गेलं नाही. गेस्टरूम भरली. ट्रेंच्या खाली ऊब देणाऱ्या चटया, वर लख्ख दिवे आणि खोडं दणकट व्हावीत म्हणून कोपऱ्यात हळू फिरणारा पंखा.

त्याच खोलीत मार्चमध्ये सासूबाई उतरल्या.

सुहासिनीबाई जळगावच्या. उन्हाळ्यात जिथे चपला डांबराला चिकटतात, तिथून आलेल्या. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं, बर्फ पाहिला आणि मुलाला म्हणाल्या, "मिहीर, परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ रे."

अबोलीला ते परवडणारं नव्हतं. जूनपासून तिला ऑफिस होतं. डेकेअरच्या वेटिंग लिस्टमध्ये आन्याच्या पुढे अजून जन्माला न आलेली मुलंसुद्धा होती. सासूबाईंना ती आईच म्हणायची. आई थंडी पडेपर्यंत राहिल्या तर नोकरी राहणार, नाहीतर नाही, इतकं सरळ होतं.

मिहीर थर्मोस्टॅट अडुसष्ट फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या विसाच्या, वर चढू द्यायचा नाही. त्यामुळे घरभर आई दोन स्वेटर, शाल आणि कानटोपीत वावरायच्या आणि तिकिटाचा विषय काढायच्या. गेस्टरूममध्ये शिरल्या, दिव्याखाली बसल्या की पहिल्यांदा शाल उतरायची, मग एक स्वेटर, मग डोक्यातून तिकीट. शेवटी त्यांनी खुर्ची मिरच्यांच्या रांगेतच टाकून घेतली. आन्याला मांडीवर घेऊन तिथेच जेवायच्या, तिथेच वाती वळायच्या. अबोलीने हळूच दिवे आणखी दोन तास वाढवले.

मग तिच्या लक्षात आलं, आई उजेडाच्या बाजूला कलतायत.

रोपं कलली की ट्रे रोज थोडा वळवायचा असतो. तिने खुर्चीही रोज सकाळी पाव फेरी वळवायला सुरुवात केली. आई वाती वळत बसलेल्याच असायच्या. आठवड्याभरात त्यांची पाठ सरळ झाली. पंख्यासमोर गुडघेही म्हणे सुधारले.

एकदा मिहीरने पाहिलं. "तू आईला फिरवतेस?"

"नाहीतर एकीकडेच वाढतील," अबोली म्हणाली.

तो मीटिंगला निघून गेला. एप्रिलच्या शेवटी आईंची साडी घोट्याच्या वर दिसायला लागली. मिहीरचं म्हणणं, ड्रायरमध्ये आटली असेल. ती साडी ड्रायरमध्ये कधी गेलीच नव्हती.

मेमधल्या पहिल्या कडक उन्हाच्या शनिवारी अख्खी गल्ली हाफपँटीत बाहेर पडली आणि अबोलीच्याही अंगात आलं. टोमॅटोचे सगळे ट्रे तिने घरामागच्या लाकडी डेकवर उन्हात मांडले आणि आईंना गाडीत घालून तळ्याकाठी नेलं. ऊन होतं, पण तळ्यावरून वारा असा येत होता की कानटोपीतून शिरून थेट दाढेला लागावा. आई अर्ध्या तासात बोलायच्या बंद झाल्या. घरी आल्या तर टोमॅटो पांढरेफटक पडलेले, माना टाकलेल्या. आईंनी सरळ गेस्टरूम गाठली, दोन्ही स्वेटर चढवले आणि मिहीरला म्हणाल्या, उद्या रविवारचं तिकीट मिळालं तरी चालेल.

अबोलीने काकूंना फोन लावला. काकू आल्या. त्यांनी मिरचीचं पान उलटून पाहिलं, मग आईंची खालची पापणी ओढून पाहिली.

"टोमॅटो गेले. ते दुकानातून तयार आण," काकू म्हणाल्या. "मिरच्या आणि सासू आहेत अजून. उद्या एक तास, सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला. मग रोज थोडं वाढवायचं. थोडं थोडं ऊन. रात्री आत."

"आणि पाणी?"

"मिरच्यांना बेताने. यांना चहा."

काकूंनी सांगितलंच होतं, पण तसं त्या काही म्हणाल्या नाहीत. अबोलीला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून वरात निघायला लागली. आधी ट्रे, मग खुर्ची, मग खुर्चीत आई, मग आईंच्या मांडीवर आन्या. आत येताना उलट क्रमाने. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून हात करायचे. एकदा त्यांनी विचारलं, ही कोणती व्हरायटी? अबोली मिरचीचं नाव सांगत होती, पण त्यांचं बोट खुर्चीकडे होतं. जळगावची, ती म्हणाली. चांगली उंच झाली आहे, असं म्हणून ते आपलं गवत कापायला गेले.

मग एका दुपारी वारा सुटला. अबोली धावत डेकवर गेली. मिरच्या सपासप हलत होत्या. आईही थोड्या हलत होत्या, पण शाल खुर्चीच्या पाठीवर होती.

"आई, चला आत."

"थांब गं. आत ठेवून ठेवून मऊ केलंस आम्हाला. जरा लागू दे."

अबोलीने सगळा धीर गोळा केला. "मग तिकिटाचं?"

आईंनी शेजारच्या मिरचीला बोटाने सरळ केलं. "फुलं येऊ देत. मग मिरच्या लागतील. हिरव्या तोडायच्या नाहीत हं, मला लाल हव्यात, वाळवायला."

मिरच्या लाल व्हायला इथे सप्टेंबर उजाडतो. अबोलीने ते आईंना सांगितलं नाही. ती आत गेली, फ्रिज उघडला आणि उगाचच बराच वेळ त्यात बघत उभी राहिली.

आज तिचा ऑफिसचा पहिला दिवस आहे. आईंचाही पहिलाच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण उन्हात. आन्याच्या पाळण्यावरचा कॅमेरा तिने डेककडे तोंड करून लावला होता. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन उघडला तर पडद्यावर नुसता पांढरा टॉवेल. आईंनी कॅमेऱ्यावर टॉवेल वाळत घातलाय. फोन त्या आतच विसरतात. काकू आज नातवाकडे गेल्या आहेत, मिहीरचे आणखी तीन कॉल्स बाकी आहेत, आणि खिडकीबाहेर झाडांचे शेंडे हलायला लागलेत.

म्हणून अबोलीचं तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही त्या बाजूने जाणार असाल, तर तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर निळ्या दाराचं घर लागेल. कुंपणाची कडी नुसती लोटलेली असते. मिरच्यांचं बघू नका, त्या जगतील. आन्याचंही नको, ती जानेवारीत इथेच जन्मली, तिला थंडी म्हणजे काय ते माहीतच नाही. फक्त आईंकडे बघा. एकीकडे कलल्या असतील तर खुर्ची पाव फेरी वळवा. नको नको म्हणतील, तुम्ही ऐकू नका. आणि शाल अजून खुर्चीच्या पाठीवरच आहे की अंगावर घेतलीय, तेवढं तिला कळवा.