इंगर्डचे शब्द

मार्गारेटने आईला ओळखलं ते नाकावरून. तेच नाक ती रोज आरशात बघत आली होती. बाकी समोरची म्हातारी तिला अगदी परकी होती.

जटलंडच्या ड्यूकघराण्याची सून म्हणून समुद्रापलीकडे पाठवलं, तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तिचं नाव डोब्रावा होतं. सासरी आधी नाव बदललं, मग हळूहळू भाषाही गेली. आता तिचा नवरा आणि भाऊ यांच्यात तह व्हायचा होता, म्हणून बेटावरच्या मठात दोन्ही घराणी जमली होती. तहाचं मुख्य कलम बाहेर अंगणात बदकांमागे धावत होतं. ते कलम म्हणजे तिची लेक इंगर्ड. मामेभावाशी तिचं लग्न ठरलं होतं, पोपची परवानगीही आली होती. वारा फिरला की मामाचं जहाज तिला घेऊन निघणार होतं.

आणि रीत अशी, की दाई सीमेवरूनच परत फिरते. म्हणजे पोर लवकर रुळते.

मार्गारेट दुभाष्या साधूकडे वळली. "ब्रदर आस्केल, आईला सांगा, दाईला, टोवेला, पोरीजवळ राहू द्या. निदान वर्षभर. तिला तिकडची भाषा ओ की ठो येत नाही."

आई बराच वेळ बोलली. आस्केल खाकरला. "नाही म्हणतात."

"एवढं बोलल्या आणि नुसतं नाही?"

"उरलेलं आपल्या बंधुराजांबद्दल होतं, बाईसाहेब. तसले शब्द साधूच्या तोंडी शोभत नाहीत."

आईला अंदाज आला असावा. ती गालात हसली, मग एकेक वाक्य सावकाश बोलू लागली आणि आस्केल ते मार्गारेटच्या भाषेत सांगत गेला.

"तुझ्या वेळी मीही हेच मागितलं होतं, पोरी. तुझ्या सासऱ्याने बायबलवर हात ठेवून हो म्हटलं. दाई पुढच्याच जहाजाने परत आली. तू तिच्यामागे कमरेइतक्या पाण्यात शिरलीस म्हणे."

मार्गारेटला पाणी आठवेना, दाईही आठवेना. आईने कुणाकडे शब्दसुद्धा टाकला नसेल, असंच ती इतकी वर्षं धरून बसली होती.

"तुझ्या भावानेही मला हो म्हटलंय," आई पुढे म्हणाली, "म्हणूनच नाही म्हणते. त्याच्या हो वर भरवसा ठेवून पोर पाठवू नकोस."

"मग कुणाच्या भरवशावर पाठवू?"

"माझ्या. पण ती काय बोलते ते मला कळायला हवं. शिकव."

मार्गारेटने स्टूल पुढे ओढलं.

"पाणी हवं असलं की ती 'लू' म्हणते. टोवेशिवाय कुणालाच कळत नाही ते. माशाला काटा असला तर जेवणारच नाही, आणि सांगणारही नाही. आणि हे नीट ऐक आई. घाबरली की रडत नाही. म्हणते, बूट घट्ट होतोय. तेव्हा बूट काढत बसू नकोस. मांडीवर घे."

आस्केलने सांगितलं. आईने मान हलवली आणि ते बुटाचं वाक्य जटलंडच्या बोलीत म्हणून पाहिलं.

मार्गारेटला हसू फुटलं. "अगं आई, हे तर 'बोकड घट्ट होतोय' झालं!"

"बोकड तर बोकड. पोरीला कळलं म्हणजे झालं," आई म्हणाली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणू लागली.

आता आस्केलचं तिथे काही काम उरलं नव्हतं. तो बिअरच्या पिंपाकडे निघून गेला. मार्गारेट आईच्या ओठांकडे, दातांमागे अडखळणाऱ्या जिभेकडे बघत होती. इतक्या जवळून तिने आईला कधी पाहिलं असेल? पाहिलंच असेल. आठवत नव्हतं एवढंच.

बाहेर शिंग वाजलं. वारा फिरला होता. टोवे इंगर्डला हाका मारू लागली.

आईने वाक्य पुन्हा म्हटलं. या खेपेला एक अक्षरही चुकलं नाही.

"नाही जमलं," मार्गारेट म्हणाली आणि बोटाने खूण केली, अजून एकदा.