झेंड्याच्या खांबावरची कप्पी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कप्पी आहे. पोखर्णीच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या शाळेत, झेंड्याच्या खांबाच्या टोकावर मी राहते. झेंडा तुम्ही सगळे मान वर करून पाहता. पण त्याचा दोर ज्या चाकावरून सरकतो ती मी कुणाच्या नजरेत भरत नाही. कमालच आहे तुमची!

माझा जन्म पूर्णेला, एका लोहाराच्या भट्टीपाशी झाला. त्याने मला बोटाने फिरवून पाहिले आणि म्हणाला, "लोन्यावानी फिरायलीय." ती माझी पहिली शाबासकी. मग मी इथे आले. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर न्यायचा आणि सव्वीस जानेवारीला वर बांधलेला झेंडा फुलांसकट उलगडायचा, ही माझी नोकरी. मधले दिवस ऊन, वारा आणि पारवे. तक्रार काही नाही; पारव्यांबद्दल थोडी आहे.

आमच्या गावातली बरीच माणसे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. त्यामुळे सव्वीस जानेवारीला मैदान निम्मे रिकामे असते. म्हणून गेल्या साली ग्रामसभेत ठरले, की पंधरा ऑगस्टचा झेंडा ऊसतोडीला जाणाऱ्या छबूबाईने फडकवायचा. बाईला आनंद झाला आणि धडकीही भरली. "माज्या हातून काई चुकलं तं गाव काय म्हनंल, मॅडम?" असे ती मुख्याध्यापिका रेणुकाबाईंना येता-जाता विचारायची.

तिचा नवरा वाल्मीक मात्र हवेतच होता. बायको झेंडा फडकवणार म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने शिडी मागून आणली आणि आख्खा खांब चंदेरी रंगवला. कौतुकाच्या भरात मलाही रंगवले. चाक, खाच, आस, काही म्हणून सोडले नाही! आजवर मला कुणी नटवले नव्हते. मी अगदी फुलून गेले.

सकाळी प्रभातफेरी मैदानात आली. ठेवणीतले हिरवे लुगडे नेसलेल्या छबूबाईने दोर ओढला. झेंडा निम्म्यावर आला आणि माझे चाक अडकले. श्रावणातल्या ओलसर हवेत रंग वाळलाच नव्हता. मी जिवाचा आटापिटा केला, पण छे! झेंडा अर्ध्यावर थांबला. तो तसा दुखवट्याच्या दिवशी असतो. छबूबाईचे डोळे भरून आले.

"माज्या हातालाच यश न्हाई," ती पुटपुटली.

तेवढ्यात वाल्मीक गर्दीतून पुढे आला. "हिची काई चूक न्हाई. कप्पीला बी म्याच रंग देला. हौसंनं देला."

"छबूताई, हळूहळू खाली घ्या. कसलीही घाई नाही," रेणुकाबाई म्हणाल्या. खाली आलेला झेंडा त्यांनी दोन्ही हातांवर झेलला. शिडी तर परत गेली होती. वाल्मीकने शाळेच्या खिचडीच्या तेलाची बाटली कमरेला खोचली आणि तो खांबावर चढला. त्याने रंग खरवडला, तेल सोडले, मला फिरवून पाहिले. उतरला तेव्हा त्याचा पांढराशुभ्र सदरा चंदेरी झाला होता.

"अवं, आता तुमीच खांब दिसायलाव!" छबूबाई म्हणाली आणि सगळे मैदान हसले. मग तिने पुन्हा दोर ओढला. झेंडा टोकाला पोचला, राष्ट्रगीत सुरू झाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या खांबावरही माझी एखादी बहीण बसलेली असेल. सणासाठी खांबाला खुशाल रंग द्या. तिला मात्र तेलाचे दोन थेंब द्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. पुढच्या सव्वीस जानेवारीला ती दोघे लांब उसाच्या फडात होती. झेंडा उलगडायच्या वेळी छबूबाईचा फोन आला. "मॅडम, कप्पी अडकली तं न्हाई ना?"

रेणुकाबाईंनी फोन खांबाकडे उंच धरला. तेल मिळालेली मी आवाज न करताही फिरले असते. पण फडात कुणीतरी माझ्यासाठी कान देऊन उभे होते. म्हणून मी एकदाच, मुद्दाम, करकरले.