मागच्या सीटवरची बाई

"नेव्हिल, तुझ्यासाठी नवी बायको आणलीय बघ! भांडत नाही, खर्चिक नाही आणि पळून तर मुळीच जात नाही!"

ब्लॅक रॅम पबच्या अंगणात हशा पिकला. कीथने पेंढा भरलेली बाई नेव्हिलच्या जोडसायकलीच्या मागच्या सीटवर बसवून पट्ट्याने आवळून बांधली. गेल्या हिवाळ्यात नेव्हिलची ग्लेनिस याच कीथकडे राहायला गेली होती. त्याआधी वीसेक वर्षं सायकल क्लबच्या दर सफरीत त्या सीटवर बसून तिनेच पेडल मारलं होतं.

नेव्हिलही हसला. गावोगाव गॅसचे मीटर तपासण्यात त्याचा जन्म गेला; लोकांनी त्याला दारातून आत घेतलं आणि दारातूनच वाटेला लावलं. बोलावून शेजारी बसवणारी माणसं काय ती या क्लबातली. आणि थट्टा सोसली नाही की पुढचं बोलावणं येत नाही, हे त्याने इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. रिकाम्या घराची त्याला आता भीतीच वाटायची.

मग त्याला बाईच्या गळ्यातला रुमाल दिसला. हिरवा, पाकोळ्यांच्या नक्षीचा. व्हिटबीला समुद्रावर गेले होते तेव्हा त्यानेच ग्लेनिसला घेऊन दिलेला.

"हा कुणी दिला?"

"मीच," ग्लेनिस म्हणाली. "पडूनच होता रे. मनाला लावून घेऊ नकोस हं, नेव्ह."

"छे गं, मनाला काय लावायचंय!"

सगळे निघाले. दुसऱ्या पबात बाईपुढे अर्धा ग्लास बिअर ठेवली गेली, तिच्या तब्येतीची चौकशी झाली. नेव्हिल हसतच होता. पुढे उतारावर त्याला रस्ता उखडलेला दिसला आणि सवयीने तो ओरडला, "खड्डा!" जोडसायकलीवर पुढच्याने ओरडायचं, मागच्याने सीटवरून उठायचं.

"अरे, कुणाला सांगतोयस?" सगळे खिदळले.

पण शेजारून स्वतःच्या नव्या सायकलवर चाललेली ग्लेनिस मात्र सीटवरून उठली होती. नेव्हिलने ते पाहिलं आणि वेड्यासारखा सुखावला. कीथनेही पाहिलं.

शेवटच्या पबसमोर बदकांचं तळं होतं. "बाईला घाम आलाय, आंघोळ घालू या!" असं म्हणत कीथने पट्टा सोडला आणि बाई तळ्यात भिरकावली. सगळ्यांत मोठ्याने हसली ती ग्लेनिस, कीथचा दंड धरून.

नेव्हिल बुटांसकट पाण्यात उतरला.

"अरे वेड्या, पेंढा आहे तो!"

तो कमरेपर्यंत चिखलात गेला, तेव्हा हसणं विरळ होत थांबलं. त्याने बाईला उचलून आणलं, सीटवर बसवलं, रुमाल पिळून पुन्हा तिच्या गळ्यात बांधला.

"बस झालं, नेव्ह," ग्लेनिस दबक्या आवाजात म्हणाली. "लाज आणतोस मला."

"गंमत सोसत नसेल तर पुढच्या वर्षी येऊ नकोस बाबा," कीथ म्हणाला. "चला रे, फोटो काढू या."

नेव्हिलने पट्टा घट्ट केला आणि सायकल रस्त्याला घातली. मागे पुन्हा हशा सुरू झाला. वळणावर खड्डा आला. त्याने ओरडून सांगितलं.

बाई उठली नाही. गचक्यासरशी तिचं ओलं डोकं पुढे कलंडलं आणि त्याच्या पाठीवर टेकलं. ग्लेनिसने कधी टेकवलं नव्हतं. पाठ भिजत गेली, तरी त्याने ते तसंच राहू दिलं.