कुणीतरी जागं

नीटचा निकाल दुसऱ्यांदा आपटला तेव्हा मी पोहे खात होते. पोहे संपवले, ताटली धुतली. आई रडली. मला काहीच वाटलं नाही. लातुरात नापास पोरींना रडायला वेळ नसतो, रिपीटरची बॅच लगेच सुरू होते.

गिटार त्याच महिन्यात घेतली. माझा मावसभाऊ श्रीनाथ नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग संपवून सामान विकत होता. त्याच्याकडे दोन होत्या. एक साधी, बऱ्या आवाजाची. दुसरी व्ही आकाराची, काळी, स्वस्तातली.

"व्ही नको घेऊस," तो म्हणाला. "पिकअप भंगार आहेत. आणि ती मांडीवर बसत नाही, उभ्यानं वाजवावी लागते."

मी व्हीच घेतली. सकाळपासून रात्रीपर्यंत मी बसूनच होते. घरात एक तरी वस्तू बसायला नकार देणारी हवी होती.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला आपादमस्तक पाहिलं. "देवणीचा शिंगवाला खोंड दिसायलाय," म्हणाले आणि गच्चीवर गेले.

अण्णा गच्चीवरच झोपायचे, पत्र्याच्या शेडमध्ये. किल्लारीजवळचं आमचं गाव भूकंपात गेलं तेव्हा ते तरणे होते. गणपती बुडवून आले आणि पारावरच आडवे झाले, म्हणून वाचले. घरात आजी आणि गुणाआत्या होत्या, त्या गेल्या. तेव्हापासून ते स्लॅबखाली झोपले नाहीत. लातुरात तसलीच स्लॅब घालून क्लासच्या पोरांना खोल्या मात्र भाड्यानं दिल्या! आई, महानंदाबाई, लग्न झाल्यापासून खाली एकटी. माझा जन्म पत्र्याखालच्या कृपेचा, असं मावशी चिडवायची. आई हसायची नाही.

श्रीनाथचं खरं निघालं. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवतीचं तांब्याच्या तारेचं वेटोळं. चांगल्या पिकअपमध्ये मेण भरलेलं असतं, वेटोळं हलत नाही. माझ्या पिकअपमध्ये मेणाचा पत्ता नव्हता. तारांना हात न लावताही गिटार गुणगुणायची. दोन टोकांवर कोपऱ्यात उभी केली की फरशीवर पडलेला चमचा तिला जोडलेल्या स्पीकरमधून ऐकू यायचा. तिच्यापाशी खोकलं तर तीही खोकायची.

एका संध्याकाळी अण्णा कोपऱ्यात उकिडवे बसलेले दिसले. त्यांनी फरशीवर बोट आपटलं. स्पीकरमध्ये टक वाजलं. पुन्हा आपटलं. पुन्हा टक.

"जमिनीचं ऐकतंय गं हे," ते म्हणाले.

त्या रात्री अण्णांनी गादी खाली आणली. गिटार आईच्या खोलीत, स्पीकर चालू. आई उशीचा अभ्रा बदलत राहिली, तोच तो, दोनदा. त्यानंतर ते रोज खाली झोपू लागले. लाइट जाऊन गुणगुण थांबली की मात्र उठून बसायचे. मला हे सगळं दिसत होतं, पण त्यामागचं कारण कळलं नाही. रिपीटर उगाच झाले नव्हते.

मला फक्त आवाज स्वच्छ हवा होता. ती वाजवताना छातीत थोडं काहीतरी हलायचं, तेवढंच दिवसभरात हलायचं. वाढदिवसाला मामानं दिलेल्या पैशांचे नवे पिकअप मागवले, मेण भरलेले. एका रविवारी दुपारी जुने काढले, तारांना कथलाचा डाग देऊन नवे बसवले. काय आवाज होता! आणि वाजवणं थांबवलं की शांतता, एकदम चिडीचूप.

संध्याकाळी अण्णांनी फरशीवर बोट आपटलं. काही नाही. मग मूठ आपटली. काही नाही. त्यांनी गादी गुंडाळली.

मी मागोमाग गच्चीवर गेले. "अण्णा, त्या गिटारीला भूकंप आधी कळत नसतो. रस्त्यावरून वाळूचा टिप्पर गेला तरी ती ओरडायची."

"व्हय. म्हाईत हाय मला."

"मग?"

ते गादीच्या सुरकुत्या काढत राहिले. "त्या रात्री सगळं गाव नाचून दमलं होतं. एक माणूस जागं न्हवतं. हे जागं हाय म्हणलं की डोळा लागतो. लई काही न्हाई त्याच्यात."

"मी जागीच असते की, अण्णा. दोन-दोन वाजेपर्यंत. शेजारच्या खोलीत."

"तू जाशील," ते म्हणाले.

खाली आले तर आई एकाच उशीवर हात फिरवत बसलेली. निकालाच्या दिवशी यायला हवं होतं ते रडू आता आलं. तिथंच भिंतीला टेकून मी मोठ्यानं रडले, खोल्यांमधली पोरं बाहेर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी नवे पिकअप काढले आणि भंगार होते ते परत बसवले. एक डाग चुकला, पुन्हा दिला. अण्णांनी बोट आपटून पाहिलं. टक.

पुढच्या वर्षी मला नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली. डॉक्टर नाही, नर्स. आमच्या गल्लीत याला पास म्हणत नाहीत. निघताना आईनं गिटारकडे बोट दाखवलं, "हे न्हाई नेत?"

"होस्टेलात चालत नाही," मी म्हणाले. होस्टेलात चालत होती. मुग्धा नावाच्या माझ्या रूममेटकडे तर तबला होता.

पहिल्या रात्री घरी फोन केला. आई अगदी हळू बोलत होती. तिच्या मागून बारीक गुणगुण येत होती.

"अण्णा?"

"हूं," आई कुजबुजली. "झोपलेत. हितंच. तू ठेव आता."

मी ठेवला नाही. ती बोलायची थांबली तरी कितीतरी वेळ कान लावून जागी राहिले.