सात नंबरचा बिल्ला

दहाची शिट्टी झाली की बुटांच्या त्या कारखान्यातली साठातली एकवीस माणसं कामावरून उठायची आणि बाकीची एकोणचाळीस मान खाली घालून काम करत राहायची. उठायची ती सिगारेट ओढणारी. राहायची ती न ओढणारी. वाचकहो, ही कारखान्यातली रीत होती आणि ती कुणाला विचित्र वाटत नव्हती, हेच मुळात विचित्र!

रीत पडली त्याला कारण होतं. बुटाला तळवा चिकटवायला जे सोल्यूशन लागतं, ते पेट्रोलसारखं पेट घेतं. फार वर्षांपूर्वी कुणीतरी आतच सिगारेट पेटवली आणि अर्धं गोदाम काळं झालं. तेव्हापासून मालकांनी ठरवलं, ओढणाऱ्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं. सकाळी दहा मिनिटं, दुपारी दहा मिनिटं. शेडमध्ये बसायला दोन लांब बाक. न ओढणाऱ्यांना बाहेर जायचं कारणच काय? त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभं राहावं.

या रीतीचा राखणदार होता फोरमन. त्याच्या टेबलामागे भिंतीवर एक फळी होती. फळीला बावीस खिळे आणि खिळ्यांना नंबर घातलेले पत्र्याचे बिल्ले. बिल्ला घ्यायचा, शेडमध्ये जायचं, परत येऊन बिल्ला खिळ्याला लावायचा. बिल्ल्याविना कुणी बाहेर दिसलं की अर्धा दिवस कापला. बिल्ला घेऊन शेड सोडून कुणी भटकलं, तरी तेच. सात नंबरचा खिळा तेवढा चार वर्षं रिकामा होता. वहीत त्याच्यापुढे फोरमनने ‘हरवला’ असं लिहून टाकलं होतं.

माणूस वाईट नव्हता. उलट सरळमार्गी म्हणून त्याचा लौकिक होता. स्वतः अठ्ठावीस वर्षं ओढत होता, सकाळी खोकायला लागला की शेजारच्यांना गजर लावावा लागत नसे. पण नियमाच्या बाबतीत आपला-परका नाही. “नियम म्हणजे नियम,” हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. कारखान्यातल्या लोकांनी त्याचं नावच ‘नियमसाहेब’ पाडलं होतं.

त्याचा हा सरळपणा आता त्याच्याच घरावर आला होता. त्याची लेक पॅकिंगच्या टेबलावर कामाला होती. नवरा लांबच्या मालगाडीवर ड्रायव्हर, महिना-महिना बाहेर. म्हणून ती बापाकडे राहत होती. सातवा महिना लागला होता. पॅकिंगला स्टूल नसतं. खोक्यात कागद घाल, बूट घाल, झाकण लाव, पुढचं खोकं ओढ. सगळं उभ्यानं. फाटकाच्या आत शिरलं की ती बापाला ‘साहेब’ म्हणायची, तशी त्याची सक्त ताकीद होती. लोकांनी म्हणायला नको की फोरमन लेकीची बडदास्त ठेवतो.

आदल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट मोजलं, कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

“बाळाची वाढ मागे पडलीये. घरात कुणी ओढतं का?”

लेकीने बापाकडे पाहिलं. फोरमन म्हणाला, “मी खिडकीत उभा राहून ओढतो.”

“खिडकीला कळतं का, धूर कुठे न्यायचा ते?” डॉक्टरीणबाई फणकारल्या. “घरात सिगारेट बंद. आणि हिला दर दोन तासांनी बसू द्या. नाहीतर बाळ वेळेआधी येईल आणि आमच्याकडे अशी बाळं ठेवायच्या काचेच्या पेट्या दोनच आहेत. दोन्ही भरलेल्या आहेत.”

रस्त्यात लेक हळूच म्हणाली, “बाबा, शिट्टी झाली की मी पाच मिनिटं बसू?”

“आज तुला बसवलं तर उद्या एकोणचाळीस जण बसतील. बघू. मालकांशी बोलतो.”

बोलला नाही. रोज ठरवायचा आणि रोज जीभ टाळ्याला चिकटायची. स्वतःच्या लेकीसाठी मागायचं म्हणजे इतक्या वर्षांची इभ्रत पणाला! घरी मात्र खिडकी सोडून आता जिन्यात जाऊन ओढत होता, आणि तेवढ्यावर स्वतःवर खूश होता.

त्या दिवशी सकाळी सोल्यूशनचा नवा डबा फुटका निघाला म्हणून फोरमन गोदामात अडकला. शिट्टी दुसऱ्याने वाजवली. डबा बदलून तो सिगारेट ओढायला शेडकडे गेला. आत धूर इतका की पलीकडची माणसं दिसेनात. आणि बाकाच्या टोकाला, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून त्याची लेक बसली होती. एक हात पोटावर. दुसऱ्या हाताच्या बोटांत पेटलेली सिगारेट!

फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“लाज वाटत नाही? या अवस्थेत? कुणी शिकवलं हे तुला?”

लेक दचकून उठायला गेली, पण पाय सुजलेले, उठवेना. तशीच बसून म्हणाली, “मी ओढत नाहीये. नुसती धरलीये.”

“कशाला?”

“बसायला मिळावं म्हणून, बाबा.”

फाटकाच्या आत तिने पहिल्यांदाच त्याला ‘बाबा’ म्हटलं होतं. सिगारेट एकदाही तोंडाला लागली नव्हती. राखेची लांब कांडी तशीच लोंबत होती. शेजारच्या दोघा-तिघांनी घाईघाईने आपापल्या विझवल्या.

“बिल्ला कुठून आणलास?”

तिने पदराची गाठ सोडून बिल्ला पुढे केला. कडा गंजलेल्या, पण आकडा स्पष्ट होता. सात.

“मी दिला,” मागून आवाज आला.

शिलाईवाली मावशी दारात उभी होती. बिल्ला नसताना मशीन सोडून आली होती, म्हणजे अर्धा दिवस गेला. तिला त्याची पर्वा दिसली नाही. तिचा नवरा याच कारखान्यात कातडी कापायचा, कटिंगमास्तर म्हणायचे त्याला. चार वर्षांपूर्वी याच शेडमध्ये त्याला रक्ताची गुळणी आली, तिथूनच दवाखान्यात नेला आणि पाच महिन्यांनी गेला. बिल्ला शर्टाच्या खिशात राहिला होता.

“मावशी, तुम्हाला काही कळतं का?” फोरमन ओरडला. “पोटुशी पोर या धुरात पाठवलीत?”

“मी तिला म्हटलं, बिल्ला दाखव आणि बाहेर झाडाखाली बस. ती म्हणाली, शेड सोडली तर साहेब पगार कापतील. कुणाचा नियम तो, फोरमनभाऊ? माझा?”

मावशी काही थांबणारी नव्हती. चार वर्षं मूग गिळून बसली होती.

“माझा नवरा इथे लागला तेव्हा सुपारीचं खांडही खात नव्हता. आठवतंय ना? दिवसभर वाकून कंबरेचा काटा ढिला व्हायचा. तुम्ही त्याचे जिवलग. एक दिवस तुम्हीच त्याला हा बिल्ला दिलात. काय म्हणालात तेव्हा?”

फोरमनला आठवत होतं. त्याने मान फिरवली.

“सांगा की! नाही? मी सांगते. तो घरी येऊन हसत सांगत होता मला. ‘ओढू नकोस रे, नुसती हातात धर. बसायला मिळेल.’ हेच म्हणाला होतात. महिनाभर नुसती धरली त्याने. मग एक झुरका. मग पाकीट.”

“वहिनी, मी चांगल्यासाठीच—” तो म्हणाला. सगळे तिला मावशी म्हणत, तोही म्हणू लागला होता. वहिनी हा शब्द चार वर्षांनी त्याच्या तोंडून निघाला.

“माहीत आहे मला. तुमचं मन वाईट नव्हतं, म्हणून तर इतके दिवस गप्प बसले. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं हो! त्याच्या औषधात माझं घरचं शिलाई मशीन गेलं. खोलीची अनामत गेली. धाकटी नववीत होती, हुशार होती, तिला शाळेतून काढून धुण्याभांड्यांना लावली. दवाखान्यात खाट मिळाली ती व्हरांड्यात. प्राणवायूची नळी तीन माणसांत एक, आळीपाळीने. शेवटी तो मला विचारायचा, माझी पाळी कधी गं? आणि हे सगळं कशासाठी? दिवसातून दोनदा दहा मिनिटं बूड टेकायला मिळावं म्हणून!”

वाचकहो, संताप येत नाही का? ज्या देशात दवाखान्यांना खाटा पुरत नाहीत आणि शाळांना बाकं पुरत नाहीत, तिथे माणसं कमावलेल्या पैशाचा धूर करतात, आणि उरलेला पैसा त्या धुराच्या औषधपाण्यात घालतात. सिगारेटचे कारखानदार गब्बर होतात. सरकार कर मिळाला म्हणून खूश होतं आणि तोच कर, वर आणखी पदरमोड करून, छातीच्या वॉर्डात ओततं. घरातला कमावता हात चाळिशी-पन्नाशीतच जातो आणि नववीतली पोर भांडी घासते. याला व्यसन एकट्याचं कसं म्हणायचं? त्या पोरीने कुठे झुरका मारला होता?

फोरमनने लेकीच्या हातातली सिगारेट घेतली आणि बुटाखाली चिरडली. मग स्वतःच्या खिशातलं पाकीट काढून तेही चिरडलं. लेकीला दंडाला धरून उठवलं, बाहेर झाडाखाली नेलं आणि आपली खुर्ची तिथे आणून ठेवली.

“बैस. कुणी विचारलं तर सांग, फोरमनने बसवलंय.”

“आणि बाकीचे, बाबा?” लेकीने विचारलं.

दुपारी चारच्या ठोक्याला त्याने स्वतः शिट्टी वाजवली. एकवीस जण सवयीने फळीकडे आले आणि थबकले. फळीवर नुसते खिळे होते. बिल्ले फोरमनच्या रुमालात बांधलेले.

“सगळ्यांनी उठा,” तो म्हणाला. “दहा मिनिटं सुट्टी. सगळ्यांना.”

कुणी उठलं नाही. एकोणचाळीस माणसं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. तळवे चिकटवणारी एक बाई भीतभीत म्हणाली, “पण साहेब, आम्ही ओढत नाही.”

“बाई, बसायला ओढावं लागत नाही!” फोरमनचा आवाज फाटला. “मीच मूर्ख. मला अठ्ठावीस वर्षांत हे सुचलं नाही. उठा!”

तेव्हा कुठे माणसं उठली. काही बाहेर जाऊन भिंतीच्या सावलीत बसली, काहींना काय करावं ते सुचेना, म्हणून ती नुसतीच हात चोळत उभी राहिली. यंत्रं थांबलेली पाहून मालक वरच्या केबिनमधून धावत खाली आले.

“हे काय? संप की काय?”

“सुट्टी आहे, मालक. सगळ्यांची.”

“साठ माणसं दिवसाला वीस मिनिटं बसवायची? दिवाळं काढता का माझं?”

“एकवीस बसत होतीच. त्यांचं दिवाळं निघालं, मालक, तुमचं नाही.” फोरमनने हजेरीची वही उघडून त्यांच्यापुढे धरली. “हे बघा, छातीच्या दुखण्याने घेतलेल्या रजा. कटिंगवर गेल्या वर्षी तीन माणसं नवी शिकवली, का? जुनी खोकून खोकून घरी बसली म्हणून. त्यांचा हात बसेपर्यंत किती कातडं वाया गेलं, ते तुम्हीच मला ओरडून सांगत होतात. ओढणाऱ्याला बक्षीस आणि न ओढणाऱ्याला शिक्षा, असा कारखाना आपण चालवला. मी चालवला! कुंपणानेच शेत खाल्लं. आता मला काढायचं तर काढा, पण ते बिल्ले मी परत लावणार नाही.”

मालकांनी वही चाळली. खाली बसलेल्या माणसांकडे पाहिलं, झाडाखालच्या खुर्चीकडे पाहिलं. “महिनाभर बघू,” असं पुटपुटत ते जिना चढून गेले. जाताना हातातली पेटलेली सिगारेट त्यांनी पाठीमागे लपवली, हे सगळ्यांनी पाहिलं. कुणी हसलं नाही.

महिन्याभरात कुणी साधू झालं नाही. पण एकविसांतल्या आठ जणांनी कबूल केलं की आपल्याला सिगारेटपेक्षा बाकच हवा होता, आणि सोडली. फोरमनची सहजासहजी सुटली नाही. दोनदा त्याने चोरून ओढली, दोनदा लेकीला स्वतः जाऊन सांगितलं आणि रडला. तिसऱ्यांदा दवाखान्याच्या खिडकीशी जाऊन सिगारेट सोडायचं औषध मागितलं. शेडचे पत्रे काढले, बाक झाडाखाली आले.

नातीचा जन्म पंधरा दिवस आधी झाला. लहानखुरी होती, चार दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. पेटी त्या आठवड्यात नेमकी रिकामी होती म्हणून निभावलं. नसती तर? हा प्रश्न फोरमनला आजही झोपू देत नाही. आणि त्याने झोपूही नये.

भिंतीवरची फळी अजून तिथेच आहे. तिच्यावर एकच बिल्ला आहे, सात नंबरचा. मावशीने तो स्वतःच्या हाताने खिळ्याला लावला. वहीतलं ‘हरवला’ फोरमनने खोडलं आणि पुढे लिहिलं, ‘मी दिला होता.’

वाचकहो, आपापल्या कचेरीत, दुकानात, घरात एकदा बघा. तिथेही अशी फळी असेल, नुसती दिसत नसेल. ‘चल, एक झुरका मारून येऊ’ म्हटल्याशिवाय दोस्तीला जागा नाही, साहेबाशी बोलायला वेळ नाही, पाठ टेकायला परवानगी नाही, असं कुठे असेल तर ती रीत मोडा. ओढणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. त्याच्या हातात पहिला बिल्ला कुणी दिला, ते आधी विचारा, आणि उत्तर स्वतःचंच निघालं तर फोरमनसारखं लिहून टाका.