सागझिरीच्या फरशीअलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी एस.टी. बस आहे. चोपड्याच्या आगारात मागच्या भिंतीला लागून मी उभी आहे. माझी चाके काढून नेली आहेत, त्यामुळे उभी आहे म्हणणेही तसे खरे नाही; लाकडी ओंडक्यांवर टेकून बसले आहे. पुढच्या जाळीत साळुंकीने घरटे केले आहे. लवकरच लिलाव होईल आणि माझे पत्रे कोणीतरी घेऊन जाईल. त्याचे मला फार वाईट वाटत नाही. माझे दुःख निराळे आहे. ते कोणाला तरी सांगावे म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म चिकलठाण्याच्या कार्यशाळेतला. सांगाड्यावर पत्रे चढले, रिव्हेट ठोकले गेले, लाल रंग बसला आणि मी खानदेशात आले. पहिली काही वर्षे जळगाव-धुळे रस्त्यावर धावले. एरंडोल, पारोळा, धुळे. त्या रस्त्यावर माझा मोठा तोरा होता. मग माझ्यापेक्षा नव्या गाड्या आल्या आणि मला चोपड्याला धाडले. तिथून सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सागझिरी नावाच्या गावाला दुपारची एक फेरी माझ्याकडे आली.

ती फेरी म्हणजे माझा अपमानच वाटायचा. रस्ता मातीचा. गावाच्या अलीकडे एक नाला, त्यात गोटे. माझे इंजिन थकलेले, खिडक्यांना काचा नाहीत. पावसाळ्यात तर मी कित्येक दिवस जातच नसे. गेले तरी आत चार-दोन माणसे. मला दिसायचे, की लोक डोक्यावर पाट्या घेऊन कडेने पायी चालले आहेत आणि माझ्याकडे मान वळवून बघतही नाहीत.

माझे कंडक्टर भिकन तायडे, जळगावच्या मेहरूणचे. ड्रायव्हर उखर्डूभाऊ. 

ब्याऐंशी साली आगारात बन्सीलाल नावाचे नवे साहेब आले. सागझिरीची फेरी बंद करावी, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला होता. साहेब म्हणाले, आधी मी जाऊन बघतो. एका दुपारी ते माझ्यात बसले. वाटेत सागझिरीची रुखमाबाई दिसली. चारोळीची रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारातून परत निघाली होती. साहेबांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले.

"अक्का, बस आहे ना गावाला? मग पायी का?"

रुखमाबाईने पाटी उतरवली नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "तुमनी गाडी दुपारले येस, भाऊ. बजार सकायले भरस. मी बजार उठनावर जाईसन काय करू?"

"आणि सकाळी आली तर?"

"सकायले उनी त बसू. पन रोज यायले पाहिजे. एक दिन येस, चार दिन नही. आशी गाडीवर कोन भरोसा ठेई?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिला गाडीत घेतले आणि गावापर्यंत तिच्या शेजारी बसून आले.

त्यानंतरचे वर्ष मी विसरणार नाही. वरून मंजुरी आली. मला कार्यशाळेत नेऊन इंजिन उघडले, गाद्या बदलल्या, खिडक्यांना काचा बसवल्या. रस्त्यावर खडी पडली, मग डांबर आले. खडी फोडायला सागझिरीचीच माणसे होती. रुखमाबाई होती, तिचा नवरा धना होता. नाल्यावर दगडी फरशी झाली, पाणी वरून जाईल अशी बुटकी. मोठा पूल पुढे होईल, असे सगळे म्हणत. फरशीपलीकडच्या चढावर, गावाच्या तोंडाशी, पत्र्याचा थांबा उभा राहिला. माझी एक फेरी होती तिच्या तीन झाल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

पहिले काही दिवस लोक नुसते बघत. मी रोज येते का, हे ते बघत होते. मी रोज आले. मग पहिल्यांदा रुखमाबाई बसली. तिच्यामागून पाट्या आल्या, चारोळीच्या, डिंकाच्या. दुधाच्या बरण्या आल्या. आजारी माणसे आली. माहेरी निघालेल्या लेकी आल्या. कधी गाडीत न बसलेल्या म्हाताऱ्या आल्या आणि पहिल्या वळणावर शेजारणीचा दंड घट्ट धरून बसल्या. वर्षाच्या आत माझ्यात उभे राहायला जागा उरेना. बाजाराच्या दिवशी जादा गाडी सोडावी लागे. शेजारच्या पाड्यांनी अर्ज केले, आमच्याकडेही गाडी द्या. आगारात माझ्या कपाळाला झेंडूचा हार घातला, तेव्हा उखर्डूभाऊंनी माझी काच दोनदा पुसली.

त्या गर्दीत धना-रुखमाबाईची मुलगी रुपली होती. गावात शाळा चौथीपर्यंतच. धना तिला पुढे पाठवायला तयार नव्हता.

"पोर एकली कशी जाई?" तो म्हणाला.

भिकन म्हणाले, "एकटी कशी? मी आहे ना गाडीत. सकाळी नेतो, संध्याकाळी आणून सोडतो."

"नही चुकाव ना गाडी?"

"नाही चुकणार, धनाभाऊ."

रुपली रोज ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची. ती चोपड्याला दहावी झाली आणि धुळ्याला नर्सचे शिक्षण घ्यायला गेली. जाताना रुखमाबाई थांब्यापर्यंत आली होती. ती रडली नाही. खिडकीतून पोरीच्या हातात भाकरीचे फडके देऊन म्हणाली, "शिकी ये. मंग आपला गावमाच सुई दे बठ्ठासले." सगळ्या गावाला सुई टोचायची, म्हणून गाडीतले सगळे हसले होते.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा कळली नाही. सागझिरीहून डोंगराच्या कडेने एक जुनी पायवाट होती. ती नाला टाळून वरच्या अंगाने पलीकडच्या गावाला निघायची, तिथे जीप मिळायच्या. पूर्वी कोणी फार आजारी झाले, की माणसे त्याला खाटेवर घालून त्या वाटेने धावत नेत. मी रोज यायला लागल्यावर त्या वाटेने कोणी जाईना. तिच्यावर घाणेरीची झुडपे माजली. खाट उचलून धावण्याची सवयही गेली. कशाला धावायचे? गाडी येतेच आहे.

ब्याण्णव साली पोळ्याच्या आधी रुपली सुटीवर निघाली. धुळ्याहून सकाळी चोपड्याला उतरली आणि माझ्या दुपारच्या फेरीत बसली. आता ती मोठी दिसत होती, केस घट्ट बांधलेले. भिकनना म्हणाली, "नाना, पुढच्या वर्षी माझं शिक्षण संपतं." भिकननी तिच्यासाठी तिचा जुना बाक राखून ठेवला होता.

त्याच वेळी तिकडे रुखमाबाई कपाशीत निंदत होती. तिच्या पायाला साप चावला. धनाने तिला पाठीवर घेऊन घर गाठले आणि शेजारच्यांनी खाट काढली. कोणीतरी डोंगरवाटेचे नाव काढले. धना म्हणाला, "ती वाट बुजेल शे. दुपारनी गाडी आते येईच. भिकनभाऊनी गाडी चुकस नही." त्यांनी खाट थांब्याच्या पत्र्याखाली आणून ठेवली आणि सगळे माझी वाट बघत राहिले. हे मला मागाहून लोकांच्या बोलण्यातून कळले.

आमच्या रस्त्यावर ऊन होते. गावातही ऊन होते. पाऊस वर डोंगरात झाला होता, आणि ते पाणी आम्ही फरशीजवळ पोहोचायच्या थोडे आधी खाली आले. उखर्डूभाऊंनी ब्रेक दाबला. समोर फरशी नव्हतीच. तांबडे पाणी होते, त्यात झाडांची खोडे गरगरत चालली होती.

उखर्डूभाऊ उतरले. काठी टेकत पाण्यात गुडघाभर गेले आणि परत आले. मागून कोणीतरी म्हणाले, गाडी पाण्यात घालून बघा, निघेल. त्यांनी चावी काढून खिशात घातली. "एवढी माणसं बसली शेतस मना मांगे," ते म्हणाले. बरोबरच होते ते. मला नेले असते तर आम्ही सगळे वाहून गेलो असतो.

मग रुपलीने थांब्याकडे पाहिले. पत्र्याखाली गर्दी होती. गर्दीतून माणसे खाट उचलून काठाकडे यायला लागली. खाटेच्या पुढे धना होता. तो आमच्याकडे दोन्ही हात करत होता. त्याला वाटत होते, गाडी आली, आता काहीतरी होईल.

पाण्याच्या आवाजात शब्द तुटत होते. "साप... तुनी मायले..." एवढे ऐकू आले. रुपली पाण्याकडे धावली. भिकननी तिचा हात धरला.

"सोडा, नाना."

"नाही सोडत."

"मला करता येतं काही. मी शिकले आहे."

"ठाऊक आहे, माय. पण पलीकडे पोचशील का तू?"

तिने पाण्याकडे पाहिले. मग हात सोडवायचे थांबवले. तोंडाभोवती तळवे धरून ती बापाला ओरडून सांगू लागली, "बा, डोंगरनी वाटे लई जा. थांबू नको." पुन्हा पुन्हा सांगितले. हाताने डोंगर दाखवला. अखेर धनाला कळले. चार जणांनी खाट खांद्यावर घेतली आणि बाकीचे कोयते घेऊन पुढे घाणेरी तोडू लागले.

तो चढ आमच्या समोरच होता. माझ्यातली सगळी माणसे खाली उतरून काठावर उभी होती. खाट थोडी वर सरके, थांबे, पुन्हा सरके. माणसे वाट तोडत होती. रुपली पुटपुटत होती, "चला, चला." उखर्डूभाऊ माझ्या बॉनेटला धरून उभे होते. 

अर्ध्या चढावर त्यांनी खाट खाली ठेवली. दमले असतील, असे वाटले. आता उचलतील, असे वाटले. धना खाटेशी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने डोक्याचे पागोटे सोडले आणि ते लांब पसरून खाटेवर घातले.

 रुपली रस्त्यावरच खाली बसली. भिकन तिच्या शेजारी बसले. पाणी उतरेपर्यंत दोघे तिथेच होते. उतरल्यावर उखर्डूभाऊंनी मला हळूहळू पलीकडे नेले. थांब्यात कोणी नव्हते. एक पायताण तेवढे पडले होते.

भिकनना वाटले, धना आपल्याला बोलेल. दिवसकार्याला ते घाबरतच गेले.  धनाने त्यांना पाणी दिले, जेवायला बसवले. भिकनच शेवटी म्हणाले, "धनाभाऊ, बोल मला काहीतरी."

"तुले काय बोलू, भाऊ? तू त आलताच."

पण त्यानंतर धना माझ्यात कधी बसला नाही. चोपड्याच्या बाजाराला तो पायी जाई, पायी येई. मी मागून आले की कडेला होई आणि शेताकडे तोंड करून उभा राही. भिकन दर वेळी घंटीची दोरी ओढत. मी थांबे. दार उघडे.

"चल, धनाभाऊ."

"जा तुम्ही. मी येस पायी."

मित्रांनो, गाडी तेव्हा गच्च भरलेली असायची. तरी त्या थांबण्यावर एकानेही कधी कुरकुर केली नाही.

रुपलीने शिक्षण पुरे केले आणि सागझिरीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आली. पंच्याण्णव साली नाल्यावर उंच पूल झाला. पुलाच्या दिवशी केळीचे खांब बांधले होते. भाषणात सांगितले, की या रस्त्याला पूर्वी प्रवासी नव्हते आणि आता गाड्या पुरत नाहीत. ते खरेच होते. नव्या दोन गाड्या मिळाल्या. मला काढून घ्यायचे ठरले.

माझ्या शेवटच्या फेरीला धना पुलाच्या तोंडाशी दिसला. भिकननी दोरी ओढली. धनाने नेहमीचे उत्तर दिले. या वेळी भिकननी दार लावले नाही. तिकिटे सगळी देऊन झाली होती, गाव समोर दिसत होते. ते उखर्डूभाऊंना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे," आणि खाली उतरले.

मी पुलावरून हळू निघाले. आरशात मला ते दोघे दिसत होते. धना कठड्याशी जरा थांबला आणि खाली पाण्याकडे पाहू लागला. भिकनही थांबले.  वळण आले आणि आरशात नुसता रस्ता उरला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी गाडी चालवाल, कोणी रस्ते बांधाल, कोणी मंजुरीच्या कागदावर सही कराल. गाड्या जरूर सुरू करा. चांगली गाडी रोज आली तर माणसे येतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण येणारी माणसे आपल्या पाठीमागची वाट बुजवून येतात. म्हणून पूल पुढे बघू, असे म्हणू नका. माझ्या गाद्या फाडू नका, काचा फोडू नका, हे तर आहेच. पण त्याहून मोठे मागणे हे आहे.

आणि कधी भरल्या गाडीतून जाताना कडेने कोणी पायी चाललेला दिसला, तर थांबून विचारा. तो नाही म्हणेल. तरी विचारा.